मान किती वळते? वैमानिक श्रीकृष्ण वेलिणकर यांची जीवनकथा



दिवाळीच्या सुट्टीनंतर वर्गात एक वाद झाला. आपल्यापैकी काही जणांच्या घरी संगणकावर लढाऊ विमान उडवण्याचा खेळ आहे. एकाच्या मामाने त्याला डोक्याच्या हालचाली टिपणारे छोटे यंत्र आणून दिले. टोपीला एक चिमटा लावायचा, पडद्यावर एक लहानसा कॅमेरा बसवायचा, की आपण मान जराशी वळवली तरी खेळातला वैमानिक मान वळवतो. मजा अशी की आपण पंधरा-वीस अंश वळलो तर तो थेट मागे बघतो, घुबडासारखा. एका मुलाने खेळात मान वळण्याची मर्यादा खऱ्या माणसाइतकी ठेवली. मग शत्रू मागून यायचा, याला दिसायचा नाही, आणि याचे विमान सारखे पडायचे. बाकीच्यांचे म्हणणे, मर्यादा काढून टाक. त्याचे म्हणणे, मग ते विमान उडवणे खरे कसे?

हा वाद ऐकताना मला एका मराठी नावाची आठवण झाली. पहिल्या महायुद्धात लढाऊ विमान उडवणाऱ्या मोजक्या भारतीयांमध्ये मुंबईचा एक तरुण होता, श्रीकृष्ण वेलिणकर. विमानविद्येच्या इतिहासात त्यांचे नाव आदराने घेतले जाते, पण आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत ते फारसे ऐकू येत नाही. आणि योगायोग असा, की ते जे विमान उडवत होते, ते मुळात वैमानिकाला नीट दिसावे याच विचाराने बांधलेले होते. म्हणून या अंकात त्यांची गोष्ट.

श्रीकृष्ण वेलिणकर यांचा जन्म मुंबईचा. शिक्षणासाठी ते इंग्लंडला गेले आणि केंब्रिजमध्ये शिकले. त्या काळी परदेशी शिकायला गेलेल्या मराठी मुलासमोर वाटा ठरलेल्या असत. बॅरिस्टर व्हावे, डॉक्टर व्हावे, नाहीतर सनदी नोकरीची परीक्षा द्यावी. पण १९१४ साली महायुद्ध सुरू झाले आणि त्यांच्या पिढीतल्या अनेक तरुणांप्रमाणे वेलिणकरांचेही आयुष्य बदलले.

या युद्धात आपला प्रदेशही दूर राहिला नव्हता. धारहून फार लांब नसलेल्या महूच्या छावणीचे नाव धारण करणारी घोडदळाची ब्रिगेड फ्रान्सच्या रणांगणावर गेली होती. दहा लाखांहून अधिक भारतीय या युद्धासाठी समुद्रापार गेले आणि त्यातले सत्तर हजारांहून अधिक परत आले नाहीत. तेव्हा फ्रान्समधली ती गावे आपल्याला वाटतात तितकी परकी नाहीत.

मात्र एक गोष्ट ध्यानात घ्या. भारतीय माणूस शिपाई होऊ शकत होता, सुभेदार होऊ शकत होता. परंतु इंग्रज अधिकाऱ्याच्या बरोबरीचे, राजाच्या सहीचे कमिशन त्याला, वैद्यकीय सेवा सोडल्यास, जवळजवळ मिळतच नसे. आणि वैमानिक बहुधा अधिकारी असे. म्हणजे भारतीयाला विमान चालवण्याचा रस्ता बंदच होता. १९१७ च्या सुमारास ते दार थोडेसे किलकिले झाले. सरदार हरदित सिंग मलिक यांना आधी नकार मिळाला होता. ते फ्रेंच रेड क्रॉसची रुग्णवाहिका चालवत होते. त्यांच्या ऑक्सफर्डच्या शिक्षकांनी शब्द टाकला तेव्हा त्यांना प्रवेश मिळाला. बंगालचे इंद्रलाल रॉय यांना तर दृष्टी सदोष म्हणून परत पाठवले होते. त्यांनी आपली मोटारसायकल विकून दुसऱ्या नामांकित नेत्रतज्ज्ञाकडून डोळे तपासून घेतले आणि निर्णय बदलून घेतला. एरोल चंदर सेन हे तिसरे. चौथे आपले वेलिणकर. हे चौघे रॉयल फ्लाइंग कोअर या ब्रिटिश हवाई दळात अधिकारी वैमानिक झाले. १ एप्रिल १९१८ रोजी हेच दळ नौदलाच्या हवाई शाखेत मिळून रॉयल एअर फोर्स तयार झाले. भारताचे स्वतःचे हवाई दल ८ ऑक्टोबर १९३२ रोजी स्थापन झाले, म्हणजे या चौघांनंतर दीड दशकाने.

आता त्या काळचे विमान कसे होते ते पाहू. लाकडाचा सांगाडा, त्यावर ताणून बसवलेले कापड, एकावर एक असे दोन पंख, आणि वैमानिक उघड्यावर बसलेला. रडार नाही. ब्रिटिश वैमानिकांना विमानातून उडी मारण्यासाठी पॅराशूटही दिले जात नसे. शत्रू कुठे आहे हे सांगणारे साधन एकच, वैमानिकाचे डोळे. म्हणून जो आधी पाहील तो बहुधा जगत असे. अनेक वैमानिक गळ्याभोवती रेशमी रुमाल बांधत. छायाचित्रात तो ऐटीसाठी वाटतो, पण त्याचे खरे कारण साधे आहे. सतत मान इकडून तिकडे फिरवून कॉलरने गळा सोलून निघत असे.

त्यातही पंख आड येत. त्या वेळच्या प्रसिद्ध सॉपविथ कॅमल विमानात वरचा पंख वैमानिकाच्या डोळ्यांपुढे आणि डोक्यावर येई, त्यामुळे वरून येणारा शत्रू झाकला जाई. काही कॅमल विमानांच्या वरच्या पंखात मधोमध खिडकीसारखी जागा कापलेली असे, ती याचसाठी. सॉपविथ कारखान्याचे रचनाकार हर्बर्ट स्मिथ यांनी मग वेगळाच विचार केला. पंख आड येतो, तर वैमानिकाचे डोकेच पंखातून वर काढले तर? त्यांनी वरचा पंख नेहमीपेक्षा मागे आणि खालचा पुढे ठेवला. वरच्या पंखाच्या मध्यभागी लोखंडी नळ्यांची मोकळी चौकट ठेवली आणि वैमानिकाचे डोके त्या चौकटीतून बाहेर आले. डोळे पंखाच्या किंचित वर. वर, समोर, दोन्ही बाजूंना मोकळे आकाश. हे सॉपविथ डॉल्फिन विमान मे १९१७ मध्ये पहिल्यांदा उडाले. ते वेगवान होते, ताशी दोनशे किलोमीटरच्या घरात जाई, आणि सहा हजार मीटरच्या आसपास उंच चढू शके. अशी दोन हजारांहून अधिक विमाने बांधली गेली.

पण नीट दिसण्याची किंमत मोजावी लागली. विमान उतरताना उलटले तर सर्वांत आधी जमिनीवर आपटणार ते वैमानिकाचे डोके. सुरुवातीला वैमानिक या विमानाला भीत असत ते त्याचमुळे. काही तुकड्यांनी पंखावर लोखंडी कमानी बसवून घेतल्या. वरच्या दिशेने गोळ्या झाडण्यासाठी चौकटीवर आणखी दोन मशीनगन ठेवल्या होत्या, त्या हलून वैमानिकाच्या तोंडावर आपटत, म्हणून पुष्कळांनी त्यातली एक किंवा दोन्ही काढून टाकल्या. आणि विमानाचा आकार इतका अनोळखी होता की सुरुवातीला स्वतःच्याच बाजूच्या तोफा त्याला शत्रू समजून मारा करीत.

डॉल्फिन विमाने मोजक्याच तुकड्यांना मिळाली. त्यातली एक होती तेवीस क्रमांकाची तुकडी, आणि लेफ्टनंट वेलिणकर तिच्यात होते. १९१८ चा तो उन्हाळा. मार्च महिन्यात जर्मन सैन्याने मोठी चढाई करून फ्रान्समधल्या अमियाँ शहराच्या जवळ धडक मारली होती. एप्रिलमध्ये तिथल्या गावांसाठी घनघोर लढाया झाल्या. जर्मनीचा सर्वांत नावाजलेला वैमानिक रिश्टहोफेन त्याच महिन्यात त्याच भागात मारला गेला. ऑगस्टमध्ये मित्रसैन्याने उलट चढाई केली. या दोन्हींच्या मधले दोन-तीन महिने जमिनीवर तुलनेने शांत, पण आकाशात रोजची गस्त आणि रोजची चकमक.

सकाळी गस्तीला निघालेल्या त्या तरुणाचे चित्र जरा डोळ्यांसमोर आणा. हजारो फूट उंचीवर बोचरा वारा, विरळ हवा, इंजिनाचा आवाज इतका की दुसरे काही ऐकू येत नाही. डोके पंखाच्या वर आलेले, चारी दिशा मोकळ्या. तरीही त्याला सगळे दिसत नव्हते. सूर्य ज्या बाजूला असेल तिकडे डोळे दिपतात, आणि हल्ला करणारा नेमका सूर्य पाठीशी घेऊन येतो. आपल्याच विमानाचे अंग आणि शेपूट मागचा खालचा भाग झाकतात. आणि मान शेवटी माणसाचीच.

इथे आपण एक प्रयोग करू. घरी ताईची ओढणी घेऊन स्वतःला खुर्चीला कमरेशी बांधून घ्या. समोर बघा. आता खांदे न हलवता मान वळवा. साधारण सत्तर ते ऐंशी अंशांपर्यंत ती जाईल, म्हणजे हनुवटी जवळजवळ खांद्यापर्यंत येईल. आता डोळे आणखी वळवा. त्यांनी आणखी चाळीस-पंचेचाळीस अंश मिळतील. पाठीमागे भाऊ उभा करा आणि त्याला बोटे दाखवायला सांगा. किती बोटे ते सांगता येते का? हात दिसेल, बोटे मोजता येणार नाहीत, कारण डोळ्याच्या कोपऱ्याला हालचाल कळते पण बारकावा कळत नाही. आपल्या नजरेचा अगदी स्पष्ट भाग फक्त एक-दोन अंशांचा असतो. बाकीचे सगळे अंदाजाने चालते. कंबर आणि खांदे पिळून आणखी मागे पाहता येते, पण मग हातातले काम सुटते.

वैमानिकाच्या हातात तर विमानाचा दांडा असतो. तो जोरात वळला की शरीरावर भार येतो. पाचपट भार आला तर साधारण पाच किलोचे डोके पंचवीस किलोचे होते. तांदळाचे पोते डोक्यावर ठेवून मागे वळून बघा म्हटल्यासारखे ते आहे. अनुभवी वैमानिक म्हणून नुसत्या मानेवर विसंबत नसत. ते विमानच थोडे डावीकडे, थोडे उजवीकडे कलते करीत जात, म्हणजे झाकलेली बाजू उघडी पडे. आणि ते एकटे जात नसत. पाच-सहा विमाने मिळून जात, म्हणजे माझ्या पाठीमागे तू बघ आणि तुझ्या पाठीमागे मी बघतो. तरीही चकमक सुरू झाली की पांगापांग होई, आणि प्रत्येक जण आपल्या मानेपुरता उरे.

२७ जून १९१८ रोजी लेफ्टनंट वेलिणकर यांचे डॉल्फिन विमान पाडले गेले. त्या दिवशी त्यांच्या विमानाला नेमके कोणत्या बाजूने गाठले गेले याबद्दल मी इथे काही रचून सांगणार नाही. ते शत्रूच्या हद्दीत जखमी अवस्थेत सापडले आणि तीन दिवसांनी, ३० जून रोजी, जर्मनांच्या कैदेतच त्यांचा मृत्यू झाला. पंचविशीही त्यांनी ओलांडली नव्हती. युद्ध आणखी साडेचार महिन्यांनी संपले.

इकडे त्यांच्या तुकडीच्या नोंदीत ते फक्त बेपत्ता होते. बेपत्ता हा शब्द घरच्यांसाठी किती जड असतो ते मोठ्या माणसांना सांगायला नको. मुलगा गेला असे म्हणता येत नाही आणि आहे असेही म्हणता येत नाही. जर्मनांनी त्यांना पुरताना सन्मानाने पुरले, पण मराठी आडनाव त्यांच्या कानाला आणि लेखणीला अपरिचित. कबरीवरचे नाव ओळखू न येण्याइतके बदलून गेले. वेलिणकरांशी स्नेह असलेल्या एका इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने युद्धानंतर त्यांच्या कुटुंबासाठी शोध चालू ठेवला आणि अखेर ती कबर कोणाची हे उलगडले. आज ती फ्रान्सच्या सोम विभागातल्या हँगार्ड गावाच्या युद्धस्मशानात आहे. राष्ट्रकुलाचा युद्धकबर आयोग तिची निगा राखतो, आणि दगडावर आता त्यांचे खरे नाव आहे.

उरलेल्या तिघांचे काय झाले तेही सांगतो. इंद्रलाल रॉय यांनी जुलै १९१८ मध्ये तेरा दिवसांत दहा विमाने पाडली आणि २२ जुलैला ते मारले गेले, वय अवघे एकोणीस. एरोल सेन १९१७ मध्येच पाडले जाऊन कैदी झाले होते, ते युद्धानंतर सुटले. हरदित सिंग मलिक पायात गोळ्या लागूनही वाचले, पुढे स्वतंत्र भारताचे राजदूत झाले आणि १९८५ पर्यंत जगले. रॉय यांचे नाव पुस्तकांतून आले, मलिक यांनी आपल्या आठवणी लिहून ठेवल्या. वेलिणकर बोलायला उरले नाहीत, आणि त्यांच्या नावावर विजयांचा आकडाही नाही. त्यामुळे कौतुकाच्या यादीत ते मागे पडतात. पण जो जिंकल्याचा आकडा मागे ठेवत नाही त्याचे धैर्य कमी असते असे नाही. त्या चौकटीतून डोके बाहेर काढून रोज सकाळी वर जाणे हेच पुरेसे मोठे होते.

आता आपल्या वर्गातल्या वादाकडे येतो. डोक्याच्या हालचाली टिपणारी यंत्रे मान वाढवून का दाखवतात, याला एक रास्त कारण आहे. आपला पडदा समोर असतो. आपण खरोखर नव्वद अंश वळलो तर पडदाच दिसणार नाही. म्हणून थोड्या वळण्याला जास्त वळणे समजावे लागते. शिवाय पडद्यातून आपल्याला जगाचा एक तुकडाच दिसतो. खऱ्या वैमानिकाला दोन्ही डोळ्यांनी जवळजवळ अर्धे वर्तुळ एकदम दिसते. तेव्हा खेळात थोडी मदत असणे ही लबाडी नव्हे.

लबाडी सुरू होते ती पुढे. खेळातली मान पूर्ण मागे फिरते, डोके पाठीमागच्या टेकूतून आरपार जाते, काचेच्या बाहेर निघते, आणि कितीही भार आला तरी हलकेच राहते, तेव्हा. मग मागे बघण्यासाठी विमान कलते करण्याची गरज उरत नाही. सोबत्याची गरज उरत नाही. सूर्य कुठे आहे याचा विचार उरत नाही. विमानाच्या रचनेत काय फरक होता हेही कळेनासे होते, कारण घुबडाच्या मानेला कॅमल काय आणि डॉल्फिन काय, सारखेच. डॉल्फिन विमान आज संगणकाच्या खेळांतही उडवता येते. मर्यादा काढून ते उडवले तर हर्बर्ट स्मिथ यांनी त्या चौकटीसाठी एवढी धडपड का केली, हे खेळणाऱ्याला कधीच समजणार नाही.

म्हणून त्या मुलाचे म्हणणे मला पटते. खांदे वळवण्याची सूट धरून मान प्रत्येक बाजूला साधारण एकशे तीस-चाळीस अंशांवर थांबावी, जोरात वळताना ती जड व्हावी, आणि अगदी मागचे नीट दिसू नये. आणि बरोबर खेळणाऱ्या सर्वांना नियम एकच असावा, म्हणजे भांडण नाही. मग विमान पडेल, पुन्हा पडेल, आणि हळूहळू कलते करून बघायची सवय लागेल.

आजच्या वैमानिकाचीही मान आपल्यासारखीच आहे. आपल्या हवाई दलाच्या मिग-२९ विमानांत शिरस्त्राणावरच नेम धरण्याचे साधन आले, वैमानिक जिकडे बघेल तिकडे नेम. एफ-३५ या अमेरिकन विमानात तर विमानाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यांमुळे शिरस्त्राणाच्या काचेवर पायाखालची जमीनही दिसते. एवढी खटपट करावी लागते, कारण मानेची मर्यादा शंभर वर्षांत एक अंशानेही वाढलेली नाही.

मांडूला रूपमती मंडपात आपण सहलीला जातो तेव्हा सगळे जण कठड्याशी उभे राहून खाली निमाडकडे बघतात. हवा स्वच्छ असेल तर दूर नर्मदेची बारीक रेघ दिसते. त्या वेळी मागून जिना चढून कोण येते आहे ते कोणालाच दिसत नाही. म्हणून तर सहलीला गुरुजी सर्वांच्या मागे उभे राहतात.

पालकांना विनंती, मुले हा खेळ खेळत असतील तर एकदा त्यांच्याजवळ बसा आणि ओढणीचा प्रयोग त्यांच्याबरोबर करा. आणि विश्वस्त मंडळींना एक नम्र सूचना. उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर शाळा भरते त्याच दिवसांत ३० जून येतो. त्या सुमाराच्या परिपाठात दोन मिनिटे लेफ्टनंट श्रीकृष्ण वेलिणकर यांचे नाव घेतले जावे. खर्च काही नाही. एकदा त्यांचे नाव दगडावर चुकले होते, ते दुरुस्त करायला कोणीतरी वर्षानुवर्षे शोध घेतला. आपण निदान ते बरोबर उच्चारून लक्षात ठेवू या.